हजेरीपट कोणाच्या ताब्यात?

अभिलेखागार हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर उभे राहतात ते मोडी वाचणारे संशोधक, पेशवे दफ्तरातले रुमाल आणि धुळीने भरलेली कपाटे. हा विषय इतिहासाच्या प्राध्यापकांचा आहे, आपल्या चळवळीचा त्याच्याशी संबंध नाही, असा समज कार्यकर्त्यांमध्येही रूढ आहे. हा समज दलित आणि कष्टकरी समाजाला फार महागात पडलेला आहे. घर, जमीन, निवृत्तिवेतन, जातीचा दाखला, धरणग्रस्ताचे प्रमाणपत्र ह्या सगळ्या गोष्टी शेवटी कुठल्या तरी सरकारी दप्तरातल्या एका नोंदीपाशी येऊन थांबतात. नोंद सापडली तर माणूस हक्कदार ठरतो. सापडली नाही तर तो अर्जदारच राहतो.

भ्रष्टाचाराची चर्चा आपण करतो तेव्हा पैसे घेणारा हात आपल्याला दिसतो. पण त्या हाताला पैसे मागण्याची ताकद कोठून येते, हा प्रश्न आपण विचारत नाही. बहुतेक वेळा ती ताकद एखाद्या कागदातून आलेली असते. कागद त्याच्या ताब्यात असतो, आपल्याला पाहता येत नाही, आणि तो आहे की नाही हेही त्यानेच सांगायचे असते. म्हणून सरकारी अभिलेख कोणी ठेवायचे, किती काळ ठेवायचे आणि कोणाला दाखवायचे, हा प्रश्न कारकुनी स्वरूपाचा राहत नाही. तो सत्तेचा प्रश्न होतो. पनवेल तालुक्यातल्या कोन ह्या गावी गिरणी कामगारांसाठी जी घरे झाली, त्यांच्या निमित्ताने ह्या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

१. कोनची घरे

पनवेल सोडून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पळस्पे फाटा ओलांडला की कोन लागते. तेथून एक रस्ता सावळ्याकडे व रसायनीकडे फुटतो. ह्या गावाच्या हद्दीत मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या भाडेतत्त्वावरील घरांच्या योजनेतून उंच इमारती उभ्या राहिल्या. त्यांतील २,४१७ घरांची सोडत म्हाडाने २ डिसेंबर २०१६ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी व त्यांच्या वारसांसाठी काढली. १६० चौरस फुटांच्या दोन सदनिका मिळून एक घर, आणि त्याची किंमत ६ लाख रुपये, असा तो हिशेब होता.

परळ-लालबागच्या कामगाराला पन्नास किलोमीटरवरच्या कोनला का जावे लागले, ह्याचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या आणि गिरण्यांखालच्या जमिनीला सोन्याचे मोल आले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ प्रमाणे ह्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली. बांधकामाखालची जमीन वाटणीतून सुटली आणि कामगारांच्या घरांसाठी मिळणारी जागा आक्रसली. ह्या दुरुस्तीविरुद्ध उच्च न्यायालयात २००५ साली निकाल लागला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. गिरणगावात जागा अपुरी पडल्यावर शासनाची नजर महानगराच्या कडेला गेली, आणि कोनचे नाव यादीत आले.

आता आकडे पाहावेत. कामगारांसाठी पहिली सोडत २८ जून २०१२ रोजी ६,९२५ घरांची झाली. दुसरी ९ मे २०१६ रोजी २,६३४ घरांची. तिसरी कोनची, २,४१७ घरांची. चौथी १ मार्च २०२० रोजी ३,८९४ घरांची. चारही मिळून घरे झाली १५,८७०. अर्ज मात्र पावणेदोन लाखांच्या आसपास होते. म्हणजे साधारणपणे अकरा अर्जांमागे एक घर. कोनच्या बाबतीत सोडत लागली म्हणजे घर मिळाले असेही झाले नाही. २०२० च्या साथीत ह्या इमारती विलगीकरणासाठी वापरल्या गेल्या, घरांची दुरवस्था झाली, आणि दुरुस्ती कोणी करायची ह्यावर दोन सरकारी संस्थांत घोळ होऊन ताबा आणखी रखडला.

जेथे मागणारे अकरा आणि मिळणारे एक, तेथे पात्रता ठरवणारा कागद हीच खरी संपत्ती होते. हा कागद कोणता?

२. कामाचा कागद

नियम वरकरणी अगदी सोपा आहे. १ जानेवारी १९८२ रोजी, म्हणजे संपाच्या आधी, जो गिरणीत कामाला होता किंवा त्यानंतर ज्याने काम केले, तो पात्र. ही गोष्ट सिद्ध करणारा सर्वांत थेट कागद म्हणजे गिरणीचा हजेरीपट. खात्याखात्याप्रमाणे, पाळीप्रमाणे, तिकीट क्रमांकाप्रमाणे रोज भरला जाणारा हा पट म्हणजे मुंबईच्या कामगारवर्गाची खरी वंशावळ आहे.

हजेरीपटाचा इतिहास आपल्या समाजाच्या इतिहासापासून वेगळा करता येत नाही. कोकणातून आणि देशावरून आलेले महार कामगार गिरणीत आले ते प्रामुख्याने सूतकताईच्या रिंग खात्यात आणि कमी पगाराच्या कामावर. विणाई खात्यात, म्हणजे साच्यांवर, पगार अधिक होता. पण तेथे कांडी बदलताना धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आम्ही हाताळणार नाही असे सवर्ण कामगारांचे म्हणणे होते. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढे आणला आणि विणाई खाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत असली पाहिजे, असा आग्रह धरला. आज कोणा अभ्यासकाला गिरणीतील जातिव्यवस्था पुराव्यानिशी दाखवायची असेल तर त्याला खातेवार हजेरीपटच हवेत. घरासाठी जो कागद लागतो, तोच अन्यायाचाही साक्षीदार आहे.

भ्रष्टाचाराच्या दृष्टीनेही हजेरीचा इतिहास बोधप्रद आहे. गिरणीच्या दारात सकाळी उभ्या राहणाऱ्या बदली कामगाराला काम द्यायचे की नाही, हे जॉबर म्हणजे मुकादम ठरवीत असे. त्याच्या मर्जीला पैसे पडत. रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१ च्या अहवालात ह्या लाचखोरीची स्पष्ट दखल घेतली. पुढे १९३५ साली मुंबईत बदली कामगारांची नोंद ठेवून त्यांना कार्डे देण्याची पद्धत सुरू झाली. कोणाला आधी काम द्यायचे ह्याचा क्रम कागदावर आल्याबरोबर मुकादमाच्या मर्जीला थोडा तरी लगाम बसला. लाच संपली नाही, पण तिला जागा कमी उरली. नोंद आणि लाच ह्यांचे नाते हे असे आहे: निर्णय जितका नोंदीवर अवलंबून राहील आणि ती नोंद जितकी उघडी असेल, तितका मध्यस्थाचा भाव उतरतो.

मात्र बदली कामगाराच्या वाट्याला नेहमीच अपुरा कागद आला. कायम कामगाराचा तिकीट क्रमांक वर्षानुवर्षे एकच असे. बदलीचे नाव एका पटात असे, दुसऱ्यात नसे. ज्याची नोकरी कच्ची, त्याची नोंदही कच्ची. आज पात्रता तपासताना सर्वांत आधी अडकतो तो हाच माणूस, किंवा त्याची विधवा.

३. कागद कोणाच्या कपाटात?

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ६२ प्रमाणे प्रत्येक कारखान्याला प्रौढ कामगारांची नोंदवही ठेवणे बंधनकारक होते आणि ती कारखाना निरीक्षकाला दाखवावी लागे. पण अशी नोंदवही ठेवणे वेगळे आणि ती कायमची जतन करून सार्वजनिक अभिलेखागारात देणे वेगळे. खाजगी गिरणीचा हजेरीपट हा मालकाचा कागद. गिरणी बंद झाली, यंत्रे भंगारात गेली, इमारती पाडल्या गेल्या, तेव्हा दप्तरखान्याचे काय करायचे हे कोणत्याही अभिलेख अधिकाऱ्याला विचारावे लागले नाही. ज्या जमिनीच्या विकासाला शासनाने परवानगी दिली, त्या जमिनीवर राबलेल्या माणसांची नोंद शासनाच्या ताब्यात द्या, एवढी अट घालणे शासनाला शक्य होते. ती घातली असती तर पुढची निम्मी भांडणे झालीच नसती.

राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांची गोष्ट निराळी आहे. १९७४ चा राष्ट्रीयीकरणाचा कायदा आणि १९८३ साली ताब्यात घेतलेल्या १३ गिरण्या मिळून मुंबईतल्या २५ गिरण्या ह्या केंद्र सरकारच्या महामंडळाकडे आल्या. तेथील कागद सार्वजनिक संस्थेचा कागद आहे आणि माहितीचा अधिकार त्याला लागू होतो.

आणखी दोन कपाटे सरकारच्याच घरात आहेत आणि त्यांचा विचार आपण पुरेसा करत नाही. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ चा, राज्य विमा योजनेचा कायदा १९४८ चा. ह्या दोन्ही कायद्यांखाली गिरणी कामगाराच्या पगारातून महिन्याच्या महिन्याला वर्गणी कापली जात होती आणि ती त्याच्या नावावर जमा होत होती. म्हणजे १९८२ साली अमुक माणूस अमुक गिरणीत कामाला होता, ही गोष्ट शासनाच्या दोन संस्थांना तेव्हाच माहीत होती. असे असता पात्रता सिद्ध करण्याचा भार कोणावर टाकला गेला? २०२३ च्या सप्टेंबरात म्हाडाने सुमारे दीड लाख अर्जदारांच्या पात्रतेसाठी कागदपत्रे मागवण्याची मोहीम सुरू केली. ओळखपत्र, तिकीट क्रमांक, सेवेचे प्रमाणपत्र, लाल पास, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, राज्य विम्याचा क्रमांक, हजेरीपट, रजेच्या नोंदवहीचा उतारा, पगाराची पावती अशी तेरा प्रकारच्या कागदांची यादी होती. त्यांतील बहुसंख्य कागद तयार केले मालकाने किंवा सरकारने. हजर करायचे मात्र कामगाराने किंवा त्याच्या वारसाने.

चाळीस वर्षे जपलेल्या पत्र्याच्या पेटीवर ही योजना उभी आहे. बीडीडी चाळीतली दहा बाय बाराची खोली, तीत दोन कुटुंबे, पोटमाळ्यावर पेटी. किंवा संपानंतर मुंबई सोडून गावी गेलेले बिऱ्हाड, पावसाळ्यात गळणारे घर. अशा ठिकाणी पगाराची पावती टिकली तर तो योगायोग समजावा. ज्यांच्याकडे कागद जपण्यासाठी कपाट होते त्यांचे कागद टिकले, आणि ज्यांच्याकडे अंग टाकायला जागा नव्हती त्यांचे गेले. वरवर समान दिसणारा नियम असा जातीच्या आणि वर्गाच्या उतरंडीवरून घरंगळत खाली येतो.

आणि येथेच दलालाचा जन्म होतो. खरा कामगार कागदाविना हिंडतो, तेव्हा त्याला कागद मिळवून देतो म्हणणारा कोणी तरी भेटतोच. उलट ज्याने गिरणीचे तोंड पाहिले नाही अशालाही कागद उभा करता येतो, कारण तो ताडून पाहण्यासाठी मूळ पट कोणासमोर उघडा नसतो. मूळ नोंद झाकलेली असली की खऱ्याला सिद्ध करता येत नाही आणि खोट्याला पाडता येत नाही. ह्या दोन्ही गोष्टींचा फायदा एकाच माणसाला होतो. तो म्हणजे मध्ये बसलेला.

४. नोंद ठेवणारे आणि नोंदले जाणारे

हे आजचे नाही. मुंबईचे शासकीय दप्तर १८२१ पासूनचे. आज ते एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. पुण्याच्या अभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. ही दप्तरे जमली ती रयतेला न्याय मिळावा म्हणून नव्हे. सारा कोणाकडून घ्यायचा, इनाम कोणाचे खरे, वतन कोणाचे चालू ठेवायचे, हे राज्यकर्त्याला कळावे म्हणून. त्यामुळे त्यांत आपला समाज दिसतो तो बहुधा समूहाने. पाटील-कुलकर्ण्यांची नावे पिढ्यान् पिढ्या लिहिली गेली. महार वतनाच्या जमिनीपुढे मात्र अनेक गावच्या कागदांत ‘समस्त महार’ एवढेच लिहिलेले आढळते. माणसाचे नाव न लिहिण्याची ही रीत पुढे वारसांच्या भांडणांना आणि जमिनी बळकावणाऱ्यांना केवढी उपयोगी पडली, हे खेड्यातला प्रत्येक कार्यकर्ता जाणतो. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने गेली, पण तो घोळ गेला नाही. २०२५ साली पुण्याजवळच्या मुंढवा येथील सुमारे ४० एकर महार वतनी जमिनीचा ३०० कोटी रुपयांचा व्यवहार गाजला, तेव्हा जमीन शासनाची की वतनदारांची, ह्या प्रश्नाचे उत्तर पुन्हा जुन्या नोंदींतच शोधावे लागले.

परंतु ज्याने लिहिले त्याच्याच हेतूने कागद बांधलेला राहतो असे नाही. ह्याचे सर्वांत मोठे उदाहरण कोन ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातले आहे. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह झाला, त्यानंतर सवर्णांनी दिवाणी न्यायालयात धाव घेतली. तळे खाजगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांनी पाणी न भरण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, असा त्यांचा दावा होता. बाबासाहेबांनी ही लढाई दहा वर्षे लढवली. १९३१ मध्ये खालच्या न्यायालयाचा आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला: तळे नगरपालिकेचे आहे आणि अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. ओंजळीने पाणी पिण्याचे धैर्य रस्त्यावरच्या माणसांनी दाखवले; पण ते पाणी सार्वजनिक आहे हे न्यायालयात ठरले ते मालकीच्या आणि वहिवाटीच्या पुराव्याची कसून तपासणी झाल्यामुळे. मोर्चा आणि दप्तर ह्यांपैकी एकच निवडायचे असते, असे मानणाऱ्यांनी महाडचा हा दुसरा भागही वाचावा.

५. हजेरीपटातून निघालेला कायदा

आज माहितीचा अधिकार आपण शहरी, सुशिक्षित माणसाचे हत्यार समजतो. त्याचा उगम मात्र मजुराच्या हजेरीपटात आहे. राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरपासून गावोगाव जनसुनावण्या घेतल्या. दुष्काळी कामांवरचे हजेरीपट आणि खर्चाची बिले गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवली. पटावर नाव असलेला माणूस कामावर गेलाच नव्हता, कोणी तर मेलेला होता, आणि ज्याने काम केले त्याला कमी मजुरी मिळाली होती. अक्षर न येणाऱ्या बायाबापड्यांनी ऐकूनच भ्रष्टाचार पकडला. एप्रिल १९९६ मध्ये ब्यावरला मोठे धरणे झाले. महाराष्ट्रातही अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळे राज्याचा कायदा प्रत्यक्षात आला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा माहितीचा अधिकार कायदा लागू झाला.

ह्या कायद्यातले एक कलम आपण फार कमी वापरतो. कलम ४(१)(क) म्हणते की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचिबद्ध व निर्देशांकित करून, माहिती देणे सोपे जाईल अशा रीतीने ठेवले पाहिजेत. माहिती मागण्याच्या हक्काआधी नोंद ठेवण्याचे कर्तव्य लिहिलेले आहे. कारण उघड आहे: दप्तरच नसेल तर अर्जाला उत्तर कोठून येणार?

ह्याच्या जोडीला महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. सरकारी कार्यालयात अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अ वर्ग कायमचा, ब वर्ग तीस वर्षांचा, आणि ड वर्गाचे आयुष्य एका वर्षाचे. नियमाबाहेर जाऊन सार्वजनिक अभिलेख नष्ट करणाऱ्याला ह्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकते. कागद फाडणे हा गुन्हा आहे, हे आपल्या शिबिरांत शिकवले गेले पाहिजे.

६. ‘अभिलेख आढळून येत नाही’

कार्यकर्त्यांना सर्वांत परिचित असलेले सरकारी वाक्य हेच. ते नम्र आहे, कोणालाही दोष देत नाही, आणि प्रकरण तेथेच संपवते. माहिती नाकारण्याची जी कारणे कायद्याने दिली आहेत त्यांत ‘सापडत नाही’ हे कारण कोठेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले की जी माहिती एकेकाळी कार्यालयात होती ती आता सापडत नाही एवढे सांगून सुटका होत नाही. कसून शोध घ्यावा लागेल, आणि जबाबदारी ठरवावी लागेल. म्हणून असे उत्तर आले की आपला अर्ज संपला असे न समजता पुढचे प्रश्न विचारावेत: हा अभिलेख कोणत्या वर्गातला होता? नष्ट केला असेल तर कोणत्या आदेशाने, कोणत्या तारखेला, आणि नष्ट केलेल्या कागदांची यादी कोठे आहे? नष्ट केला नसेल तर तो शेवटी कोणाच्या ताब्यात होता? ह्या प्रश्नांची उत्तरे हीही माहितीच आहे.

काही साध्या गोष्टी प्रत्येक तालुक्यातल्या शिक्षकाने आणि विद्यार्थ्याने पाठ कराव्यात. अर्जाला दहा रुपयांचे शुल्क लागते. दारिद्र्यरेषेखालील माणसाला ते लागत नाही. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांत लिहावा लागतो, म्हणून गाऱ्हाणे न लिहिता कागदाचे नाव लिहावे. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील, त्यानंतर नव्वद दिवसांच्या आत आयोगाकडे दुसरे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत तो योग्य कार्यालयाकडे पाठवण्याची जबाबदारी त्यांची आहे. आणि २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासननिर्णयाप्रमाणे जिल्हा पातळीवरील व त्याखालील कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ ह्या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. ही सोमवारची दुपार आपण ओस जाऊ देतो. एखाद्या गावच्या घरकुलांची यादी घेऊन पाच विद्यार्थी दोन सोमवार बसले तर जे कळेल, ते वर्षभराच्या भाषणांतून कळणार नाही.

दप्तरावरची संकटेही ओळखून असावे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली आणि अनेक खात्यांचे कागद जळाले. एकाच प्रतीवर राज्य चालवण्याचा धोका त्या दिवशी सर्वांना दिसला. कागद संगणकावर चढवणे हा त्यावरचा उपाय खरा, पण चढवताना नाव चुकले, तारीख गाळली, पान सुटले, तर ती चूक अधिकृत होऊन बसते. म्हणून मूळ कागद जपलाच पाहिजे. अलीकडचे संकट अधिक सूक्ष्म आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला, आणि तो नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. पूर्वी वैयक्तिक माहिती व्यापक लोकहितासाठी ह्याच कलमाखाली मागता येई. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढ्या शब्दावर नकार देता येतो. हजेरीपटात नावे असतात, लाभार्थ्यांच्या यादीत नावे असतात. नावे झाकली तर राजस्थानातली जनसुनावणी अशक्य झाली असती. कलम ८(२) मधले लोकहिताचे दार अजून उघडे आहे. आपल्या अर्जांत त्याचा उल्लेख आवर्जून करावा.

७. मागणी काय असावी

गिरणी कामगारांच्या लढ्याने, दत्ता इस्वलकर यांच्यासारख्या नेत्यांच्या चिकाटीने, घराचा हक्क कागदावर आणला. आता कागदाचा हक्क मागितला पाहिजे. शेलू, वांगणी अशी कोनपेक्षाही दूरची नावे आज पुढे आली आहेत. घर जितके दूर जाईल तितका जुना होत जाणारा कामगार पुराव्याच्या शोधात थकत जाईल.

पहिली मागणी: पुरावा शोधण्याचा भार शासनाने उचलावा. भविष्यनिर्वाह निधी, राज्य विमा आणि वस्त्रोद्योग महामंडळ ह्यांच्याकडील नोंदी एकत्र करून १९८२ च्या कामगारांची यादी शासनानेच करावी. अर्जदाराने ती चुकली असेल तर दाखवून द्यावे. हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कुणबी नोंदींसाठी मोडी, उर्दू, फार्सी अशा जुन्या दप्तरांचे लक्षावधी कागद शासनाने तपासून घेतले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या नोंदीसाठी जे झाले ते चाळीस वर्षांपूर्वीच्या नोंदीसाठी होऊ शकते. प्रश्न इच्छेचा आहे.

दुसरी मागणी: गिरण्यांचे जे हजेरीपट, तिकीटवह्या आणि सेवापुस्तके मालकांकडे, अवसायकांकडे, महामंडळाकडे उरली असतील ती पुराभिलेख संचालनालयाने ताब्यात घ्यावीत, त्यांची सूची करावी आणि ती वाचकांना खुली करावी. तिसरी: पात्र आणि अपात्र दोन्ही याद्या कारणांसह गिरणीनिहाय जाहीर व्हाव्यात आणि कामगारांसमोर त्यांचे वाचन व्हावे. शेजारच्या साच्यावर कोण उभे होते हे कामगाराला आठवते. खोटा वारस कार्यालयाला फसवू शकेल, त्या खात्याला फसवू शकणार नाही.

चौथी गोष्ट मात्र आपल्यालाच करायची आहे. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक पेटीत अजून काही ना काही आहे: पिवळी पडलेली पावती, तिकिटाचा बिल्ला, युनियनची वर्गणी दिल्याची चिठ्ठी. ह्यांच्या प्रती काढून, गिरणी आणि खाते लिहून, एखाद्या शाळेत वा ग्रंथालयात ठेवण्याचे काम महाविद्यालयीन विद्यार्थी सहज करू शकतील. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले, ते केवळ दुसऱ्याचे लिहिलेले वाचण्यासाठी नव्हे. आपल्या बापाचे नाव ज्या पटात आहे तो पट कोणाच्या ताब्यात आहे हे विचारणे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणे, हाही त्या शिक्षणाचाच भाग आहे.